अनुदानित शाळेतील शिक्षकाचा सेवेत असताना मृत्यू: पत्नीचा हक्क, जुनं नामनिर्देशन आणि संस्थेची अडवणूक

प्रश्न (आयडी: सोलापूरकर_भाऊ)

नमस्कार. माझ्या बहिणीच्या वतीने विचारतोय. तिचे यजमान सोलापूर जिल्ह्यातल्या 100 टक्के अनुदानित माध्यमिक शाळेत सहशिक्षक होते. नियुक्ती जून 1998 ची, वैयक्तिक मान्यता त्याच वर्षीची, त्यामुळे जुनी पेन्शन लागू. जानेवारी 2025 मध्ये आजारपणात सेवेत असतानाच वारले. शेवटचं मूळ वेतन 52,000 च्या आसपास. मागे पत्नी, 20 वर्षांची मुलगी, 16 वर्षांचा मुलगा आणि 76 वर्षांची आई.

अजून एक रुपया हाती आलेला नाही. अडचणी अशा:

1) भविष्य निर्वाह निधीचं नामनिर्देशन लग्नाआधीचं आहे, आईच्या नावे 100 टक्के. लग्नानंतर बदललंच नाही. दीर म्हणतात, सगळंच आईचं. फंडात अंदाजे 18 लाख आहेत.
2) उपदानाचं (ग्रॅच्युइटीचं) नामनिर्देशन सेवापुस्तकात सापडत नाही असं शाळा सांगते.
3) दुसऱ्या गावातल्या एका बाईंनी शाळेत अर्ज दिलाय की त्यांचंही लग्न झालं होतं आणि 9 वर्षांचा मुलगा आहे. बहिणीचा आणि यजमानांचा घटस्फोट कधीच झालेला नव्हता.
4) मुख्याध्यापक म्हणतात, कोर्टाचा वारस दाखला आणा, मग प्रस्ताव पाठवतो. शिवाय शिक्षक पतसंस्थेचं 6 लाखांचं कर्ज आहे, ते फिटल्याशिवाय 'ना देय' (काही येणं बाकी नसल्याचा दाखला) मिळणार नाही.
5) शेवटचे पाच महिने ते रजेवर होते, त्या रजेचे आदेशच निघालेले नाहीत.

बहीण शिवणकाम करून घर चालवतेय. सासूबाईंशी तिचे संबंध वाईट नाहीत, पण दीर मध्ये बोलतात. आधी काय करायचं?

---

उत्तर 1 (आयडी: आस्थापना_लिपिक)

दादा, सगळ्यात आधी एक गोष्ट ताईंना नीट समजावून सांगा. हे सगळे पैसे एका थैलीतले नाहीत. कुटुंब निवृत्तिवेतन, मृत्यू उपदान, भविष्य निर्वाह निधी, पगाराची थकबाकी, गटविमा, प्रत्येकाचा नियम वेगळा आणि हक्कदारही वेगळे. शाळा आणि दीर मिळून सगळ्याची एकच मोट बांधतायत आणि फंडाच्या वादापायी पेन्शनही अडकून पडलीय. तुमचं पहिलं काम म्हणजे पेन्शन या वादातून सोडवून घेणं.

कुटुंब निवृत्तिवेतन महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 मधल्या नियम 116 नुसार मिळतं. ते कोणाला द्यायचं हे नियमानेच ठरवलंय, तिथे नामनिर्देशनाला काही काम नाही. पत्नी हयात असताना आईला ते मिळत नाही, भावाचा तर प्रश्नच येत नाही. म्हणून या कामासाठी कोर्टाचा वारस दाखला मागणंच चूक आहे. मृत्यू दाखला, विवाहाचा पुरावा आणि सेवापुस्तकात जोडलेला कुटुंबाचा तपशील यावर प्रस्ताव जायला हवा.

रकमेचा अंदाज सांगतो. सर्वसाधारण दर अंतिम वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 52,000 वर 15,600 आणि त्यावर महागाई वाढ. सात वर्षांहून जास्त सलग सेवा झालेली असल्यामुळे सुरुवातीची ठरावीक वर्षं वाढीव दर लागतो, तो 50 टक्के, म्हणजे 26,000 अधिक महागाई वाढ. प्रस्तावात दोन्ही दर आणि वाढीव दराची शेवटची तारीख स्वतंत्र लिहिलेली असते. ती तारीख ताईंनी स्वतः वाचून घ्यावी. पुढे रक्कम खाली आली की 'पेन्शन कापली' म्हणून घबराट होते.

उपदान नियम 111 प्रमाणे. वीस वर्षांवर सेवा असेल तर प्रत्येक पूर्ण सहामाहीला अर्ध्या महिन्याचं वेतन, कमाल 33 पट. जून 1998 ते जानेवारी 2025 म्हणजे 26 वर्षं 7 महिने, सहामाही 53 भरतात. 53 चे निम्मे 26.5 पट. 52,000 धरले तर 13 लाख 78 हजार. मात्र मधला एखादा सेवाखंड, विनावेतन रजा किंवा मान्यता नसलेला काळ निघाला तर सहामाही कमी होतात. म्हणून हा आकडा पक्का धरू नका, सेवापुस्तक पाहूनच खात्री करा.

उपदानाचं नामनिर्देशन नाही म्हणून रक्कम अडत नाही. नामनिर्देशन नसेल तर नियमाप्रमाणे कुटुंबातल्या पहिल्या गटाला, म्हणजे पत्नी, मुलगे, अविवाहित आणि विधवा मुली यांना समान हिस्से. आई दुसऱ्या गटात येते, पहिला गट हयात असताना तिला वाटा नाही. मुलगा अज्ञान (18 वर्षांखालचा) आहे, त्याचा हिस्सा नैसर्गिक पालक म्हणून ताईंकडे येईल, त्यासाठी हमीपत्र मागतील. तरीसुद्धा नामनिर्देशनाचा एकदा कसून शोध घ्या. सेवापुस्तकाच्या मागच्या पाकिटात, वैयक्तिक नस्तीत आणि आवक-जावक नोंदवहीत, तिन्ही ठिकाणी. बऱ्याचदा फॉर्म भरून दिलेला असतो, फक्त मुख्याध्यापकांनी स्वीकृतीची सही करून चिकटवायचा राहिलेला असतो.

आता प्रस्तावाचा रस्ता. मुख्याध्यापक, तिथून शिक्षणाधिकारी (माध्यमिक), तिथून महालेखापाल मुंबई (विदर्भ-मराठवाड्याचं काम नागपूरला चालतं, सोलापूरचं मुंबईला) आणि शेवटी जिल्हा कोषागार. फंडाचं काम या रस्त्याने जात नाही. ते अधीक्षक, वेतन व भविष्य निर्वाह निधी पथक, म्हणजे आपलं पे युनिट, यांच्याकडे. दोन अर्ज, दोन कार्यालयं. दोन्हींचे आवक क्रमांक वेगवेगळे ठेवा.

नेमकं कुठे अडतं ते सांगतो. महालेखापालांकडून प्रस्ताव परत येतो तो बहुतेक वेळा सेवापुस्तकामुळे. ताईंबरोबर जाऊन पान पान तपासा:

– वेतन पडताळणी पथकाचा शिक्का प्रत्येक वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीवर आहे का. सहाव्याचा असतो, सातव्याचा राहिलेला असतो.
– 12 वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी मिळाली असेल तर आदेशाचा क्रमांक-दिनांक नोंदलेला आहे का.
– दरवर्षीची सेवा पडताळणीची नोंद आणि त्याखाली मुख्याध्यापकांची सही. मुख्याध्यापक बदलले त्या वर्षाची सही हमखास नसते.
– नियुक्ती आदेश आणि वैयक्तिक मान्यता यांच्या मूळ प्रती. मान्यतेत 'एक वर्षासाठी' असं लिहिलं असेल तर पुढची कायम मान्यताही हवी.
– ताईंचं नाव. लग्नाआधीचं नाव, सेवापुस्तकातलं नाव, आधार आणि बँक पासबुक, चारही ठिकाणी एकच आहे का. 'सुनिता' आणि 'सुनीता' एवढ्या फरकावरही त्रुटी लागते. किरकोळ फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र चालतं, पूर्ण नाव वेगळं असेल तर राजपत्रात नोंद करून घेतलेली बरी.

पाच महिन्यांच्या रजेचा मुद्दा हलका घेऊ नका. ती रजा कोणत्या प्रकारची हे ठरल्याशिवाय अंतिम वेतन प्रमाणपत्र तयार होत नाही आणि ते नसेल तर प्रस्ताव जागचा हलत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्रं गोळा करा, शिल्लक अर्धवेतनी रजा असेल तर ती परावर्तित (पूर्ण पगारी रजेत बदलून) करून घेण्याचा अर्ज ताईंच्या सहीने द्या. उरलेला काळ असाधारण (बिनपगारी) रजा म्हणून मंजूर झाला तरी चालेल, पण आदेश हवा. ते 'विनापरवानगी गैरहजर' असं लिहू लागले तर तिथेच लेखी हरकत घ्या, कारण त्या शेऱ्याने सेवाखंड दाखवला जातो. उपचाराची बिलं असतील तर वैद्यकीय प्रतिपूर्तीचा प्रस्तावही याच सोबत द्या. कुटुंबीयांना तो मागता येतो.

शेवटी तात्पुरतं कुटुंब निवृत्तिवेतन. महालेखापालांचे आदेश येईपर्यंत ते देण्याची तरतूद नियमांत आहे. शाळा आपणहून काढत नाही, मागावं लागतं. त्यासाठी स्वतंत्र, एका पानाचा अर्ज करा. त्यात फंडाचा, कर्जाचा, दिराचा कशाचाही उल्लेख नको.

---

उत्तर 2 (आयडी: दिवाणी_वकील)

वरचं उत्तर अगदी योग्य दिशेचं आहे. मी वादाच्या तीन मुद्द्यांबद्दल लिहितो.

आईच्या नावचं नामनिर्देशन. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक हा समज चुकीचा आहे. विम्याच्या पैशाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितलं की नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण ती वारसांसाठी. तुमच्यासारखाच प्रसंग 2009 च्या शिप्रा सेनगुप्ता निकालात आहे: बँक कर्मचाऱ्याने लग्नाआधी आईचं नाव लावलेलं, लग्नानंतर बदललेलं नाही, आणि विधवेने भविष्य निर्वाह निधीत हिस्सा मागितला. न्यायालयाने तो मान्य केला. डिसेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. लग्न झाल्यावर, म्हणजे कुटुंब निर्माण झाल्यावर, आधीचं नामनिर्देशनच निष्प्रभ ठरतं असं धरून त्यांनी पत्नी आणि आईत रक्कम समान वाटायला सांगितली.

त्यामुळे पे युनिटकडे जाऊन मूळ फॉर्मची झेरॉक्स घ्या आणि 'कोणत्या घटनेनंतर हे नामनिर्देशन रद्द होईल' हा रकाना वाचा. लग्नाआधी भरलेल्या फॉर्ममध्ये तिथे बहुधा 'कुटुंब निर्माण झाल्यास' असं लिहिलेलं असतं. हे एक वाक्य तुमचा सगळ्यात भक्कम कागद आहे.

मात्र याचा अर्थ सासूबाईंना काहीच नाही असाही होत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. भाऊ त्यात नाही. 18 लाखांचे चार हिस्से केले तर प्रत्येकी साडेचार लाख. म्हातारीचा हक्क खरा आहे, तो नाकारून भांडू नका. घरात बसून हे आकडे मांडले तर प्रकरण मिटण्याची शक्यता मोठी आहे. सासूबाईंनी 'नामनिर्देशनानुसार संपूर्ण रकमेवर माझा दावा नाही, माझा एक चतुर्थांश हिस्सा माझ्या खात्यावर जमा करावा' असं प्रतिज्ञापत्र दिलं तर पे युनिटला पुढे जाणं सोपं होतं. हिस्सा थेट सासूबाईंच्या खात्यावर, दिराच्या नाही.

तोपर्यंत पे युनिटला लेखी हरकत आजच द्या की वाद मिटेपर्यंत नामनिर्देशनाआधारे पूर्ण रक्कम एका व्यक्तीला देऊ नये. एकदा पैसे गेले की वसुलीचा दावा लावावा लागतो आणि त्यात वर्षं जातात.

दुसरं लग्न. पहिली पत्नी हयात आणि घटस्फोट झालेला नसताना केलेला दुसरा विवाह हिंदू विवाह अधिनियम 1955 च्या कलम 5 व 11 नुसार शून्य असतो, म्हणजे कायद्याने तो विवाहच नाही. नियम 116 मध्ये एकापेक्षा जास्त विधवांचा उल्लेख आहे आणि त्यावरूनच हे दावे येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2019 मध्ये हा प्रश्न निकाली काढला: ज्या स्त्रीचा विवाह कायद्याने वैध नाही तिला या नियमाखाली कुटुंब निवृत्तिवेतन मागता येत नाही. एकापेक्षा जास्त विधवा ही भाषा व्यक्तिगत कायद्यात बहुपत्नीत्व मान्य असेल तिथल्यासाठी.

मुलाचं मात्र वेगळं आहे आणि इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याच अधिनियमाच्या कलम 16 मुळे शून्य विवाहातलं मूलही आईबापाच्या दृष्टीने औरस (कायदेशीर अपत्य) ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली बिहारच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात अशा मुलांना सज्ञान होईपर्यंत कुटुंब निवृत्तिवेतनात आणि उपदानात वाटा दिला आहे. त्यामुळे तो मुलगा त्यांचाच असल्याचं सिद्ध झालं तर फंडाचे चार ऐवजी पाच हिस्से होतील, प्रत्येकी 3 लाख 60 हजार. पण सिद्ध करायचं ओझं त्या बाईंवर आहे. शाळेत नुसता अर्ज आला म्हणून मुख्याध्यापक ताईंची पेन्शन रोखू शकत नाहीत. कोर्टाचा मनाई आदेश आहे का, एवढंच विचारा.

ताईंच्या बाजूचा पुरावा म्हणजे विवाह नोंदणी दाखला. नोंदणी नसेल तर लग्नपत्रिका, जुनं रेशन कार्ड, मुलांचे जन्म दाखले, शाळेत दिलेला कुटुंब तपशील, प्राप्तिकर किंवा विम्याच्या कागदांवरचं पत्नी म्हणून नाव.

कोर्टाचा दाखला. लोक 'वारस दाखला' म्हणून तीन वेगळ्या गोष्टी मागतात. तलाठ्याची वारस नोंद जमिनीसाठी असते, ती इथे फारशी उपयोगी नाही. 1827 च्या मुंबई विनियम 8 खालचा वारस दाखला वारस कोण ते सांगतो. आणि येणं रकमा वसूल करण्यासाठी लागतं ते भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 च्या कलम 372 खालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र. मुख्याध्यापक फक्त 'कोर्टाचा दाखला' म्हणतात. नेमका कोणता आणि कोणत्या रकमेसाठी, हे लेखी मागा. अर्धे मुख्याध्यापक लेखी मागितल्यावर गप्प होतात.

फंडावर समेट झाला नाही तरच कलम 372 खाली अर्ज करायचा, आणि तो फक्त फंडाच्या रकमेपुरता. मृत व्यक्ती राहत होती त्या हद्दीतल्या दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे. सासूबाई आणि मुलं यांना पक्षकार करा. त्या बाई आणि तो मुलगा यांची नावं लपवू नका, नाहीतर पुढे प्रमाणपत्र रद्द करून घेण्याचं कारण त्यांच्या हाती मिळतं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघते, हरकत आली नाही तर काही महिन्यांत होतं, हरकत आली की लांबतं. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात लागते, महाराष्ट्रात कमाल 75,000 रुपये. म्हणूनच अर्जात पेन्शन आणि उपदान विनाकारण घालून रक्कम फुगवू नका.

आणि एक कळकळीचं सांगणं. दीर कुठलंही 'संमतीपत्र' किंवा 'हक्कसोड' घेऊन आले तर ताईंनी वाचून, फोटो काढून, दोन दिवस ठेवून मगच उत्तर द्यावं. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही तर कधीच नाही.

---

सोलापूरकर_भाऊ

दोघांचेही मनापासून आभार. फंडाच्या फॉर्मचा तो रकाना आम्ही पाहिलाच नव्हता. पतसंस्थेच्या कर्जाचं काय? आणि मुख्याध्यापक सेवापुस्तक दाखवायलाच तयार नाहीत, 'ते संस्थेच्या अध्यक्षांकडे आहे' म्हणतात. वेतननिश्चितीत 2009 पासून जास्त पैसे गेलेत, ते उपदानातून कापू, असंही कानावर आलंय.

---

उत्तर 3 (आयडी: पे_युनिट_माजी)

पतसंस्थेचं कर्ज हे सरकारी येणं नाही. उपदानातून कापता येतात ती शासनाची येणी: घरबांधणी अग्रिम, जादा दिलेलं वेतन वगैरे. पतसंस्थेचं 'ना देय' नाही म्हणून पेन्शन प्रस्ताव अडवायला आधार नाही. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पेन्शन आणि उपदानावर जप्ती येत नाही, भविष्य निर्वाह निधीलाही 1925 च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याचं संरक्षण आहे.

कर्ज माफ झालं असं मात्र समजू नका. पतसंस्था जामीनदारांकडे जाऊ शकते आणि वारसांकडून मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत मागू शकते. ते दोन जामीनदार बहुधा त्याच शाळेतले सहकारी असतील. त्यांच्या पगारातून हप्ता सुरू झाला की स्टाफरूमचं वातावरण बिघडतं आणि मग मुख्याध्यापकांवर दबाव येतो. खरं कारण पुष्कळदा हे असतं. म्हणून आधी पतसंस्थेत जाऊन तीन गोष्टी विचारा: कर्जाला विमा होता का, मयत सभासदासाठी सहाय्य निधी किंवा कर्जमाफीची योजना आहे का, आणि शेअर्स, कायम ठेव, वर्गणी मिळून त्यांच्या खात्यावर किती शिल्लक आहे. शिक्षकांच्या बऱ्याच पतसंस्थांमध्ये अशी योजना असते, फक्त मृत्यूनंतर ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो. हे सगळं वजा करून राहील ते पाहू.

सेवापुस्तक अध्यक्षांकडे, हे उत्तर ऐकून घेऊ नका. ते कार्यालयीन अभिलेख आहे, शाळेतच असायला हवं. माहिती अधिकारात शाळेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाका, अनुदानित शाळेला तो कायदा लागू आहे. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, नाहीतर त्या कारणाने परत करतात. 'कै. ... यांच्या सेवापुस्तकाच्या सर्व पानांच्या, सर्व नामनिर्देशनांच्या व रजा लेख्याच्या साक्षांकित प्रती' एवढंच मागा. सोबत मृत्यू दाखला आणि पत्नी असल्याचा पुरावा जोडा, म्हणजे 'त्रयस्थाची माहिती' म्हणून नाकारता येणार नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. त्याच दिवशी शिक्षणाधिकाऱ्यांकडे वेगळं निवेदन, की सेवापुस्तक मागवून घ्यावं.

आणि फंडाच्या पावत्या काढून ठेवा. दरवर्षीच्या पावतीवरची अखेरची शिल्लक पुढच्या वर्षाच्या आरंभीच्या शिलकेशी जुळते का, ते ओळीने बघा. दोन गोष्टी चुकतात: एखाद्या वर्षाची वर्गणी जमाच धरलेली नसते, आणि वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता जमा व्हायचा राहतो. सातव्या आयोगाच्या फरकाचे पाच हप्ते होते. त्यातला कोणताही हप्ता मृत्यूपूर्वी फंडात गेला नसेल तर तो कुटुंबाला रोखीने मागा. पगारपत्रकात गटविम्याची कपात दिसत असेल तर त्याचा दावा वेगळा आहे, तो कोणी आठवण करून देत नाही.

---

उत्तर 4 (आयडी: दिवाणी_वकील)

2009 पासूनच्या वसुलीबद्दल. सर्वोच्च न्यायालयाचा रफीक मसीह निकाल, डिसेंबर 2014. गट क आणि ड मधले कर्मचारी, निवृत्त झालेले, आणि पाच वर्षांहून जास्त काळ जादा वेतन दिलं गेलेलं असेल अशा प्रकरणांत कर्मचाऱ्याची चूक नसताना वसुली करता येत नाही. शिक्षक गट क मध्ये येतात. अडचण एकच: वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा रक्कम निघाल्यास परत करीन' असं हमीपत्र दिलेलं असेल तर 2016 च्या दुसऱ्या निकालाचा आधार शासन घेतं. म्हणून सेवापुस्तकाच्या प्रती आल्या की असं हमीपत्र आहे का ते आधी शोधा. वसुलीचा लेखी आदेश नोटीस न देता काढला तर तो त्या एका कारणावरही टिकत नाही.

उशिराबद्दल व्याजही मागता येतं, निवृत्तिवेतन नियमांमधले 129अ आणि 129ब पाहा. पण त्यासाठी उशीर प्रशासनाचा होता हे दाखवावं लागतं. म्हणजे तुमचा पूर्ण अर्ज कोणत्या तारखेला शाळेला मिळाला याची पोच. तोंडी फेऱ्यांना काही किंमत नाही. शाळेने पोच दिली नाही तर त्याच दिवशी पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

दाद कुठे मागायची याबद्दलही गोंधळ असतो. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण खाजगी अनुदानित शाळांसाठी नाही. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांसाठीच्या 1977 च्या कायद्याखालचं शाळा न्यायाधिकरण बडतर्फी, पदावनती अशा बाबींसाठी, पेन्शनसाठी नाही. योग्य ठिकाण म्हणजे उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली रिट याचिका. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सोलापूर त्याच्या हद्दीत येतं, त्यामुळे मुंबईला हेलपाटे नाहीत. त्याआधी शिक्षणाधिकारी आणि शिक्षण उपसंचालक यांना नोटीस द्या. मागणी ठरावीक मुदतीत प्रस्ताव पाठवण्याची ठेवा. फंडाच्या हिश्श्याचा वाद रिटमध्ये घालू नका, तो दिवाणी कोर्टाचा विषय आहे आणि त्यामुळे सगळी याचिकाच बाजूला पडते.

---

उत्तर 5 (आयडी: अनुकंपा_माहिती)

कोणीच अनुकंपाबद्दल, म्हणजे मृत कर्मचाऱ्याच्या कुटुंबातल्या एकाला मिळणाऱ्या नोकरीबद्दल, लिहिलं नाही आणि मुदत तिथेच निघून जाते. अर्जासाठी मृत्यूपासून एक वर्ष हीच मर्यादा धरून चाला. ती ओलांडली असेल तर विलंब क्षमापित करण्याचा अर्ज कारणांसह लगेच द्या. अर्ज संस्थेकडे आणि प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे, कारण प्रतीक्षा यादी तिथे असते.

कोणाच्या नावाने करायचा हे घरात नीट बसून ठरवा. मुलगी 20 वर्षांची म्हणजे सज्ञान आहे, तिचं शिक्षण चालू असेल तर टंकलेखनाचं प्रमाणपत्र आताच करून घ्यावं, कनिष्ठ लिपिक पदासाठी ते लागतं. शिपाई पदावर फार भिस्त ठेवू नका. डिसेंबर 2020 पासून अनुदानित माध्यमिक शाळांत चतुर्थश्रेणी पदांच्या जागी शिपाई भत्त्याचं धोरण आलं आहे, त्यामुळे त्या जागा आटल्या. यादीत वयाच्या 45 वर्षांपर्यंतच नाव राहतं, म्हणून ताईंचं वयही पाहा. आधी ताईंचं नाव लावून पुढे मुलाचं किंवा मुलीचं बदलायचं झालं तर पूर्वी थेट नकार मिळायचा. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती सरसकट बंदी अवास्तव ठरवली.

अनुकंपा नोकरी हा हक्क नाही, जागा असेल तेव्हाच मिळते. पण ती मिळाली म्हणून ताईंची कुटुंब पेन्शन बंद होत नाही. संस्थेने 'नोकरी हवी तर पेन्शनचा अर्ज मागे घ्या' असं काही सुचवलं तर ते साफ खोटं आहे. आणि नोकरीसाठी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे.

---

वाचक (आयडी: विनाअनुदानित)

शाळा कायम विनाअनुदानित असेल तर यातलं काय लागू होतं?

---

उत्तर 6 (आयडी: आस्थापना_लिपिक)

नियम 116 ची पेन्शन नाही. मात्र ग्रॅच्युइटी आहे. शिक्षकांना 3 एप्रिल 1997 पासून पूर्वलक्षी प्रभावाने ग्रॅच्युइटी कायद्यात आणलं गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. हिशेब: अंतिम वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. मृत्यू झाला असेल तर पाच वर्षं सेवेची अट नाही. संस्था 'आमच्याकडे पद्धत नाही' म्हणते, ते ऐकू नका, कामगार खात्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओकडे तीन वेगळे दावे: पीएफची रक्कम, विधवा पेन्शन आणि ठेव संलग्न विमा. विम्याची कमाल रक्कम 7 लाख आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं.

---

सोलापूरकर_भाऊ

सोमवारी तात्पुरत्या पेन्शनचा अर्ज, रजेचा अर्ज आणि माहिती अधिकार, तिन्ही देतो. पे युनिटची हरकत उद्याच. एक शेवटचं: वकील लावायला सध्या पैसे नाहीत.

---

उत्तर 7 (आयडी: दिवाणी_वकील)

लागणार नाहीत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका समिती. आधार, मृत्यू दाखला आणि शाळेला दिलेल्या अर्जांच्या पोच एवढं घेऊन ताईंनी स्वतः जावं. सासूबाईंना बरोबर नेता आलं तर फारच चांगलं. तिथे दाखलपूर्व तडजोडीसाठी प्रकरण ठेवता येतं, दोघींचे हिस्से लेखी ठरतात, लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि कोर्ट फी लागत नाही. वाटाघाटीत मुलगा अज्ञान असल्याचं पॅनेलला आधीच सांगा, त्याच्या हिश्श्याची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे ठेव म्हणून राहील असं निवाड्यातच लिहून घ्यायला हवं.